आपला तो हेर, दुसऱ्याचा तो फितूर

१९४८ च्या पावसाळ्यात कराचीहून निघालेली चार इंजिनांची विमाने रात्रीच्या अंधारात भारताची हद्द ओलांडत आणि निजामाच्या राज्यात बीदर, वरंगळच्या धावपट्ट्यांवर उतरत. पोटात प्रवासी नसत. शस्त्रे आणि दारूगोळा असे. लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळहून बीदर सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. आज तिकडे जायला निघालो तर वाटेत राज्याची हद्द लागते, पाट्या कन्नड होतात, एवढेच. तेव्हा मात्र मोठ्या धोक्याची धावपट्टी तिथे होती.

या विमानांमागचा माणूस सिडनी कॉटन, मूळचा ऑस्ट्रेलियन. पहिल्या महायुद्धात उघड्या विमानांतले वैमानिक थंडीने गारठत, त्यांच्यासाठी त्याने ‘सिडकॉट’ नावाचा ऊबदार पोशाख तयार केला होता. १९३९ मध्ये ब्रिटिश गुप्तहेर खात्यासाठी त्याने लॉकहीड विमानात कॅमेरे लपवले आणि व्यापाऱ्याच्या सोंगात जर्मनीवरून उडत लष्करी ठिकाणांची छायाचित्रे टिपली. जेम्स बाँडचा जनक इयन फ्लेमिंग त्याच्या ओळखीतला. बाँडमध्ये थोडा कॉटन आहे, असे सांगणारेही आहेत. निजामाला शस्त्रे पुरवल्याबद्दल पुढे लंडनच्या न्यायालयाने त्याला दंड केला: २०० पौंड.

हेरकथा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लंडन, बर्लिन, बेलफास्ट येते. ग्रंथालयातली ती जाड पुस्तके, मुखपृष्ठावर पाठमोरा माणूस, मागे धुके. त्या पुस्तकांतला माणूस आपल्या शिवारावरून उडून गेला होता, हे आपल्या गावीही नसते. म्हणून या लेखात त्या पुस्तकांतले एक खास दालन, म्हणजे आयर्लंडच्या राजकीय-धार्मिक संघर्षावरच्या हेरकथा, आणि आपला रझाकारांचा काळ शेजारी-शेजारी ठेवून पाहू.

शिडाच्या होडीतला लेखक

आधुनिक हेरकादंबरीच्या मुळाशी जी पुस्तके आहेत, त्यांत १९०३ ची ‘द रिडल ऑफ द सँड्स’ अग्रभागी आहे. लेखक अर्स्किन चिल्डर्स. दोन इंग्रज तरुण लहानशा शिडाच्या होडीतून जर्मन किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात भटकतात आणि इंग्लंडवर आक्रमणाची गुप्त तयारी त्यांच्या नजरेस पडते, अशी ती गोष्ट. लेखक इंग्लंडच्या पार्लमेंटात कारकुनी करणारा, साम्राज्याचा निष्ठावंत आणि धर्माने प्रोटेस्टंट.

अकरा वर्षांनी हाच चिल्डर्स आपल्या ‘अस्गार्ड’ या होडीत रायफली भरून डब्लिनजवळच्या हाउथ बंदराला लागला. तारीख २६ जुलै १९१४. रायफली होत्या इंग्रजांविरुद्ध उभ्या राहणाऱ्या आयरिश स्वयंसेवकांसाठी. आपल्याच कादंबरीतल्यासारख्या शिडाच्या होडीत बसून त्याने बाजू बदलली होती. पुढे आयर्लंडची फाळणी झाली. इंग्रजांशी झालेल्या ६ डिसेंबर १९२१ च्या तहावरून कालचे सोबती एकमेकांवर बंदुका रोखून उभे राहिले. तह नाकारणाऱ्यांत चिल्डर्स होता. त्याच्याजवळ एक छोटे पिस्तूल सापडले. ते त्याला मायकेल कॉलिन्सने, म्हणजे तह करणाऱ्या बाजूच्याच पुढाऱ्याने, पूर्वी भेट दिलेले होते. २४ नोव्हेंबर १९२२ रोजी त्याला गोळ्या घातल्या. त्या आयरिश सरकारने, इंग्रजांनी नव्हे. त्याचा मुलगा १९७३ मध्ये त्याच आयर्लंडचा राष्ट्राध्यक्ष झाला.

आयरिश हेरकथेचा कच्चा माल या एका आयुष्यात आला आहे: समुद्रातून येणारी शस्त्रे, दोन निष्ठा असलेला माणूस, मित्राने दिलेले पिस्तूल आणि घरच्यांनीच घातलेली गोळी. पुढच्या लेखकांनी हेच धागे उलटसुलट विणले. जेराल्ड सेमूर या वार्ताहराची ‘हॅरीज गेम’ १९७५ ची; लंडनमध्ये मंत्र्याचा खून करणाऱ्याच्या मागावर वेश पालटून बेलफास्टच्या गल्ल्यांत शिरलेल्या लष्करी अधिकाऱ्याची ती कथा. टॉम क्लॅन्सीची ‘पेट्रियट गेम्स’ १९८७ ची. तिच्यात तोच संघर्ष अमेरिकी वाचकाच्या दारात नेऊन ठेवला आहे.

जादा कार्बनची प्रत

या पुस्तकांत गोळीबार पुष्कळ. प्रत्यक्षात आयर्लंडची इंग्रजांविरुद्धची १९१९ ते १९२१ ची लढाई मोठ्या प्रमाणात कागदावर लढली गेली. डब्लिन पोलिसांच्या ‘जी डिव्हिजन’ या गुप्त शाखेत नेड ब्रॉय नावाचा कारकून होता. राजकीय संशयितांवरचे गोपनीय अहवाल टंकायचे, हे त्याचे काम. तो टाइपरायटरमध्ये एक कार्बन जादा घाली. ती जादा प्रत बंडखोरांची हेरयंत्रणा चालवणाऱ्या कॉलिन्सकडे जाई. एप्रिल १९१९ मध्ये एका रात्री तर त्याने कॉलिन्सलाच पोलिसांच्या दफ्तरखान्यात नेऊन बसवले. ज्याला पकडायला पोलीस शहर पालथे घालत होते, तो त्यांच्याच कचेरीत बसून फायली चाळत होता.

हेरगिरीचा अर्थ एवढाच: समोरच्याला काय माहीत आहे, ते आपल्याला माहीत असणे. बंदूक त्यानंतर येते. २१ नोव्हेंबर १९२० च्या रविवारी सकाळी कॉलिन्सच्या माणसांनी डब्लिनमधल्या ब्रिटिश गुप्तचर अधिकाऱ्यांची घरे गाठून डझनाहून अधिक माणसे मारली, ती घरांचे पत्ते हाती होते म्हणून. त्याच दुपारी क्रोक पार्क मैदानावर सामना पाहायला जमलेल्या गर्दीवर सरकारी दलांनी गोळीबार केला आणि १४ जण गेले. सकाळच्या बातमीची किंमत दुपारी भलत्यांनीच मोजली.

म्हणून आयरिश साहित्यातला सर्वांत भेदक हेर गोळी झाडणारा नाही, बातमी देणारा आहे. लिअम ओफ्लाहर्टीच्या ‘द इन्फॉर्मर’ (१९२५) या कादंबरीतला जिपो नोलन २० पौंडांच्या बक्षिसासाठी आपल्या मित्राचा ठावठिकाणा पोलिसांना सांगतो आणि उरलेले पुस्तकभर स्वतःच्याच सावलीला भीत शहरात फिरतो. जॉन फोर्डने त्यावर १९३५ मध्ये काढलेला चित्रपट गाजला. आयर्लंडमध्ये ‘इन्फॉर्मर’ ही शिवी आहे, आणि ती खुनी या शब्दापेक्षा खालची मानली जाते.

मराठीतही या धंद्याला एकच शब्द नाही, दोन तऱ्हांचे आहेत. आपल्या बाजूचा असला तर तो ‘हेर’. लगेच शिवरायांचा बहिर्जी नाईक आठवतो आणि मान ताठ होते. दुसऱ्या बाजूचा असला की तोच ‘फितूर’, ‘घरभेद्या’, ‘खबऱ्या’. काम एकच, नाव ठरते ते सांगणारा कुठे उभा आहे यावर.

पैनगंगेपलीकडची रात्र

आता आपल्याकडे येऊ. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे निजामाचे पाच मराठी जिल्हे नाही झाले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. त्याच लातुरात वकिली करणारा कासीम रझवी इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेचा पुढारी आणि रझाकारांचा सरदार झाला. रझाकार या शब्दाचा मूळ अर्थ साधा आहे, स्वयंसेवक. आयर्लंडमध्ये १९२० साली इंग्रजांनी घाईघाईने भरती केलेल्या आणि खाकी-गडद रंगाच्या मिश्र गणवेशावरून ‘ब्लॅक अँड टॅन्स’ म्हटल्या जाणाऱ्या दलाचे नाव काढले की आजही तिथले म्हातारे तोंड वाकडे करतात. आपल्याकडे रझाकार या शब्दाचे तेच झाले. नियमित फौज जे उघडपणे करू शकत नाही, ते अशा दलांकडून करवून घेता येते आणि मग हात झटकता येतात.

या राज्याभोवती इंग्रजांनी सोडलेल्या मुलखाचे कडे होते: सोलापूर, बार्शी, उमरखेड, मनमाड, तिकडे कर्नूल, बेजवाडा. निजामाविरुद्ध लढणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसची सरहद्दीवरची कॅम्पे तिथेच पडली. तिचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. बाहेर दिगंबरराव बिंदू, गोविंदभाई श्रॉफ, आ. कृ. वाघमारे यांच्यासारखी माणसे काम पाहत होती. हद्दीवर निजामाचे करोडगिरी नाके, म्हणजे जकातीची ठाणी. अलीकडे कलदार रुपया, पलीकडे हाली सिक्का. हेरकथेला लागते ती हद्द अशी आयती आखलेली होती. ओलांडणाराही बहुधा रोजचा माणूस: बाजाराला निघालेला शेतकरी, लेकीकडे चाललेली बाई, पाव्हण्यारावळ्यांकडे लग्नाला जाणारी गाडी. निरोप आणि हत्यार याच वाटेने जाई. जालन्याकडच्या दगडाबाई शेळके यांचे नाव अशाच कामासाठी आजही घेतले जाते.

नांदेड जिल्ह्यातल्या उमरीचा प्रसंग घ्या. ३० जानेवारी १९४८. उमरखेडच्या कॅम्पवरून पैनगंगा ओलांडून आलेल्या स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीच्या हैदराबाद स्टेट बँकेवर छापा घातला आणि सुमारे वीस लाख रुपये नेले. रेल्वेचे गाव, पोलिसांचा बंदोबस्त, मुलूख शत्रूच्या मालकीचा. अशा ठिकाणी किती रोकड आहे, पहारा कधी बदलतो, तार कुठे तोडायची, हे कॅम्पवर बसून कळत नाही. ते गावातलाच कोणीतरी सांगतो. त्या ‘कोणीतरी’ची नावे इतिहासात मागच्या बाकावर असतात. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. एकाच तारखेला एकीकडे विजयाची आणि दुसरीकडे अंधाराची बातमी. कादंबरीकाराने असे लिहिले असते तर संपादकाने खोडले असते. पुढे या पैशाचा हिशेब ठेवून तो सादर केला गेला, आणि लुटीला लढ्याचा दर्जा मिळाला तो त्या हिशेबाच्या वहीमुळेही.

दुसऱ्या बाजूलाही पात्रे होतीच. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या हुकमतीखालची भारतीय फौज सोलापूरहून नळदुर्गकडे सरकली. बोरी नदीवरचा पूल शाबूत मिळाला. थोड्याच वेळात स्फोटकांनी भरलेली एक जीप त्यांच्या हाती लागली. आत होता टी. टी. मूर, ब्रिटिश फौजेतला पूर्वीचा कमांडो, आता निजामाच्या नोकरीत. पूल उडवणे हे त्याचे काम होते. जीप जरा आधी पोचली असती तर सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरची ती फौज नदीकाठी अडली असती. पाच दिवसांत, १७ सप्टेंबरला, निजामाने शरणागती जाहीर केली. हीच ती ‘पोलीस ॲक्शन’.

आयर्लंड आणि हैदराबाद या दोन्ही गोष्टींना जोडणारा एक माणूस आहे. लॉर्ड माउंटबॅटन गव्हर्नर जनरल म्हणून निजामाशी महिनोन्‌महिने वाटाघाटी करत राहिले. त्या फिसकटल्या आणि २१ जून १९४८ ला ते भारत सोडून गेले. २७ ऑगस्ट १९७९ रोजी आयर्लंडच्या मुलाघमोर गावाजवळ समुद्रात त्यांची होडी आयरिश रिपब्लिकन आर्मीने (आयआरए) बॉम्बने उडवली. होडी किनाऱ्यावर कुठे बांधलेली असते आणि ते कधी निघतात, हे कोणाला तरी ठाऊक होते.

धर्म कुठे असतो?

आयरिश थ्रिलर वाचताना सामान्य वाचकाची समजूत होते की कॅथलिक आणि प्रोटेस्टंट शतकानुशतके देवावरून भांडत आहेत. तसे नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज राजाने उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतात जमिनी काढून घेऊन स्कॉटलंड-इंग्लंडहून प्रोटेस्टंट कुटुंबे वसवली. कोणाची जमीन गेली आणि कोणाला मिळाली, हे पुढे धर्मावरून ओळखले जाऊ लागले. भांडण राज्य आणि रान कोणाचे, याचे. धर्म हा त्या भांडणाचा गणवेश. म्हणून तर आयरिश राष्ट्रवादाचे वुल्फ टोन, पार्नेल, चिल्डर्स हे मोहरे प्रोटेस्टंट होते. गणवेश न जुळणाऱ्या माणसांना थ्रिलरमध्ये जागा नसते. ती आली की कथेचा वेग मंदावतो.

हैदराबादचेही तसेच. राजा मुसलमान, प्रजेतले बहुसंख्य हिंदू, एवढे वाक्य परीक्षेच्या उत्तराला पुरते. पण ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान भारतात विलीन होण्याची बाजू लिहीत होते, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. ते मुसलमान होते. उलट निजामाच्या शेवटच्या मंत्रिमंडळात हिंदू मंत्री होते, आणि खेड्यापाड्यांत वसुलीची गादी टिकावी म्हणून राज्यकर्त्यांशी जमवून घेणारे देशमुख-देशपांडे होते. बातमी देणारा नेहमी परधर्मी असतो, असा समज या काळाच्या आठवणी ऐकताना टिकत नाही. जुने वैर, बांधाचे भांडण, जीव वाचवण्याची धडपड, चार पैसे, यांतले काहीही पुरत असे. जिपो नोलन डब्लिनचाच असतो असे नाही.

राजकीय शब्दांची ये-जा तर आधीपासून होतीच. लोकमान्य टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये बेळगावी होमरूल लीग काढली. ‘होमरूल’ हा शब्द आयर्लंडच्या चळवळीतला. त्याच महिन्यात डब्लिनमध्ये इंग्रजांविरुद्ध ईस्टरचा उठाव झाला. आयरिश लोकांनी काय केले, हे आपल्याकडची सुशिक्षित मंडळी डोळ्यांत तेल घालून वाचत होती. पण उठाव झाल्यावर आयर्लंडने काय भोगले, हे मात्र फार थोड्यांनी वाचले.

शेवटच्या पानानंतर

थ्रिलरचा नियम असा की शेवटच्या पानावर बॉम्ब निकामी होतो किंवा होत नाही, आणि पुस्तक मिटते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गल्लीत दूध कोण घालते, हे कोणी लिहीत नाही.

आपल्याकडे ती सकाळ भयंकर होती. रझाकारांनी गावे जाळली, माणसे मारली. त्याच्या आठवणी आपण सप्टेंबर महिन्यात दरवर्षी जागवतो आणि जागवाव्यात. पण पोलीस ॲक्शननंतर सूड सुरू झाला आणि तो मुख्यतः साध्या मुसलमान कुटुंबांवर पडला. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस राज्यात फिरून अहवाल दिला. मृतांचा त्यांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा. सर्वांत जास्त झळ पोचलेले म्हणून त्यांनी चार जिल्हे नोंदवले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. म्हणजे आपलाच पट्टा. हा अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. ज्याच्या नावाने हे सगळे पेटले तो रझवी सात वर्षांची शिक्षा भोगून १९५७ मध्ये सुटला आणि पाकिस्तानात गेला. निजाम १९५० मध्ये राजप्रमुख झाला. गल्लीत राहिलेल्यांना मात्र कुठे जाता आले नाही.

इथेच बहुधा मराठीत या काळावर अस्सल हेरकादंबरी का फुलली नाही, याचे उत्तर आहे. आठवणी, चरित्रे, लढ्याचे इतिहास आहेत. अनंत भालेराव यांचा या लढ्यावरचा ग्रंथ तर घराघरांत जावा असा. ना. धों. महानोरांची ‘गांधारी’ त्या काळातले गाव उभे करते. पण खबऱ्याच्या मनात शिरून लिहिलेले पुस्तक? वेगवान भाषेची आपल्याकडे कधी वाण नव्हती. बाबुराव अर्नाळकरांनी रहस्यकथांचे ढीग रचले. अडचण भाषेची नाही. अडचण अशी की ओफ्लाहर्टीने डब्लिनसारख्या मोठ्या शहरात आपला जिपो लपवला. आमच्या गावात जिपोचा नातू समोरच्या ओट्यावर बसलेला असतो. वय सांगताना ‘पोलीस ॲक्शनच्या साली मी पाळण्यात होतो’ म्हणणारी माणसे आपण पाहिली आहेत. पुढचे विचारले की ती विषय पावसाकडे वळवत. कोणी कोणाला लपवले, हे ती आनंदाने सांगत. कोणी कोणाचा पत्ता सांगितला, यावर मात्र चूप.

या चुपीची तुलना आयर्लंडशी केली तर फरक दिसतो. उत्तर आयर्लंडात १९६० च्या दशकाअखेर पुन्हा भडका उडाला. तीस वर्षांत सुमारे साडेतीन हजार माणसे गेली आणि १० एप्रिल १९९८ च्या ‘गुड फ्रायडे’ करारानंतर बंदुका हळूहळू थंडावल्या. बेलफास्टमध्ये दोन वस्त्यांच्या मध्ये १९६९ पासून उभारलेल्या भिंतींतल्या कित्येक आजही उभ्या आहेत. त्यांना नाव आहे ‘शांततेच्या भिंती’. त्यांतली काही दारे रात्री बंद होतात. पण तिथे लेखकांनी खबऱ्यावर पुस्तकावर पुस्तके लिहिली. आपण भिंती बांधल्या नाहीत; आपण बोलणे बंद केले. दोन्ही उपाय शेजाऱ्यासोबत राहता यावे म्हणूनच.

शिरूर अनंतपाळ तालुक्यात उजेड नावाचे गाव आहे. कागदोपत्री त्याला हिसामाबादही म्हणतात. दरवर्षी प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास तिथे जत्रा भरते, ती कोणा देवाची नाही की पिराची नाही, गांधीबाबाची. जत्रेत लागते ते सगळे तिथे असते: दुकाने, गर्दी, खेळणी, आणि मध्ये गांधीजींचा पुतळा. निजामाच्या मुलखातल्या, रझाकार आणि पोलीस ॲक्शन दोन्ही पाहिलेल्या पट्ट्यातल्या गावाने आपल्या जत्रेला निवडलेले नाव हे आहे, याचा विचार करावा. ज्या दिवशी उमरीची बँक लुटली त्याच दिवशी मारला गेलेला तो माणूस.

हेरकादंबरीला अशा जत्रेचे काही कौतुक नसते; तिथे कोणी कोणाच्या मागावर नसते. पण या पट्ट्यातला कोणी धीट लेखक कधी खबऱ्याची गोष्ट लिहायला बसलाच, तर त्याने शेवटचे प्रकरण त्या जत्रेत न्यावे. पुतळ्यासमोर दोन म्हातारे योगायोगाने शेजारी उभे आहेत. एकाने दुसऱ्याच्या बापाचा पत्ता सांगितला होता. दोघांनाही ते ठाऊक आहे. पहिला खिशातून तंबाखूची डबी काढतो आणि दुसऱ्यापुढे धरतो. ती तो घेतो की नाही, तेवढे लेखकाने ठरवावे.